देवादिकांच्या चित्रगोष्टी घरी सांगताना: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बालवाडीत २२ वर्षं शिकवल्यावर आता मी घरी नातवंडांना आणि शेजारच्या चारपाच पोरांना घेऊन बसते. सतरंजी, चित्रांचं एक पुस्तक आणि संध्याकाळची वीसेक मिनिटं, एवढंच सामान. आया-बाबा दारात थांबून जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तेवढे खोल आहेत.

कितव्या वर्षापासून सुरुवात करावी?

मूल मांडीत बसून बोटाने चित्र दाखवू लागलं, की करावी. दीड-दोन वर्षांच्या मुलाला गोष्ट नको असते, नावं हवी असतात. ‘उंदीर कुठाय? मोदक कुठाय? सोंड दाखव बघू.’ त्या वयात एवढंच पुरे. तिसरं सरता सरता ‘मग काय झालं?’ सुरू होतं. तेव्हा चार-पाच चित्रांची गोष्ट धरावी. पाच-सहा वर्षांचं मूल क्रम लक्षात ठेवतं, आपण एखादं पान गाळलं तर लगेच पकडतं. तेव्हा रामायणासारखी लांब कथा रोज थोडी थोडी सांगता येते. पाच-दहा मिनिटांत मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं. हाताला धरून परत बसवलं की गोष्टीची गोडी जाते.

आधी चित्र दाखवायचं की आधी गोष्ट सांगायची?

याचं उत्तर मला कुडाळजवळच्या पिंगुळीत मिळालं. सिंधुदुर्गातल्या या गावात ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. कागदावर रंगवलेल्या चित्रांची चळत असते, एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथीच म्हणतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक (डमरूसारखं छोटं वाद्य) असतो, आणि तो ओव्या गात, मध्ये गद्य बोलत कथा पुढे नेतो. त्या चित्रापुरतं सांगून झालं की पुढचं चित्र. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता, आणि ती जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीत त्यांनी उभं केलेलं छोटं संग्रहालय आहे. कोकणात जाणार असाल तर मुलांना तिथे जरूर न्या.

त्या चित्रकथ्यांकडे बघून मी माझी पद्धत बदलली. पूर्वी मी पुस्तक स्वतःकडे धरून वाचायची आणि पान संपलं की मुलांकडे वळवून चित्र दाखवायची. मुलं तोवर चुळबुळ करायची. आता चित्र आधी समोर धरते आणि एकही शब्द न बोलता दहापर्यंत मनात मोजते. तेवढ्यात मुलांचे डोळे चित्रभर फिरून येतात. ‘आजी, त्याच्या हातात काय आहे?’ असा प्रश्न आला की तिथूनच गोष्ट सुरू करते. छापलेला मजकूर वाचायलाच हवा असं नाही. तो तुम्ही आदल्या रात्री वाचून ठेवा आणि मुलांपुढे तुमच्या घरच्या बोलीत सांगा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती.

कोणत्या गोष्टी आधी घ्याव्यात?

ज्यात मुलाला स्वतःचं घर दिसेल अशा. बाळकृष्णाचं लोणी सगळेच घेतात. पण महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या संतचरित्रांच्या ग्रंथात आणि एकूणच वारकऱ्यांच्या सांगण्यात लहान मुलांसाठी खजिना आहे, त्याकडे आपलं कमी लक्ष जातं.

नामदेवाचा नैवेद्य घ्या. वडील गावाला गेलेत, आईने छोट्या नाम्याच्या हातात ताट दिलंय, आणि देव काही जेवत नाही. नाम्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तो रडतो, हट्ट करतो, पायरीवर डोकं आपटायला निघतो. शेवटी विठोबा जेवतो, आणि घरी कोणाचा विश्वास बसत नाही! खरं बोलूनही मोठ्यांनी ऐकलं नाही, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. ही गोष्ट सांगितली की मुलं श्वास रोखून बसतात.

मुक्ताईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, ज्ञानदेव आणि भावंडं बसलेली भिंत चालत चांगदेवाच्या भेटीला निघाली, चांगदेव वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आले, ही तर चित्रासाठीच घडलेली कथा वाटते. जनाबाईच्या जात्याचा खुंटा विठ्ठलाने धरला, हे सांगताना घरात जातं नसेल तर आधी जातं म्हणजे काय ते दाखवा. नाहीतर मुलाला त्यातले कष्ट कळत नाहीत. सावतोबांच्या मळ्यात ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’ म्हणत स्वयंपाकघरातली भाजी नेऊन बसा. तीन वर्षांच्या मुलालाही ती गोष्ट कळते. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजलं, ही गोष्ट उन्हाळ्यात सांगावी.

गोरोबाकाकांची गोष्ट मात्र थांबवून ठेवा. चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलं, हे चित्र खूप ठिकाणी छापलेलं असतं. मोठ्यांना त्यात तल्लीनता दिसते, चार वर्षांच्या मुलाला फक्त ते बाळ दिसतं. दहाव्या वर्षापर्यंत मी ती सांगत नाही.

नरसिंहाचं चित्र बघून मुलगी घाबरली. अशी चित्रं लपवावीत का?

माझ्या मुलीने लहानपणी ते पुस्तकच पलंगाखाली सरकवून ठेवलं होतं. चार दिवस मला पत्ता नव्हता. चूक माझी होती. रात्री निजायच्या वेळी मी ते पान उघडलं होतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: उग्र चित्रं दिवसाउजेडी दाखवायची, आणि पहिल्या वेळी चित्राच्या खालच्या अर्ध्यावर हात ठेवायचा. नरसिंहाची गोष्ट मी कोड्यासारखी सांगते. हिरण्यकशिपूला वर मिळाला होता: दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, प्राण्याकडून नाही. मग कसं? मुलं डोकं लढवतात. कोणीतरी ओरडतं, ‘संध्याकाळी!’ मग आम्ही सगळे उठून दारात जातो आणि उंबरठ्यावर उभे राहतो. घरात की बाहेर? एवढं झालं की चित्रातलं रक्त मागे पडतं, उंबरठा लक्षात राहतो.

गणपतीचं शिर ही याहून अवघड जागा. ‘बाबा चिडले तर माझं डोकं कापतील?’ हा प्रश्न मला किमान पाच मुलांनी विचारला आहे. त्याला हसू नये. शंकराला तो आपला मुलगा आहे हे ठाऊकच नव्हतं, आणि कळल्यावर त्याला फार वाईट वाटलं, हे सावकाश सांगावं. पार्वती किती रागावली हेही सांगावं. आणि ती गोष्ट डोकं उडालेल्या पानावर कधीही थांबवू नये, झोप आली तरी शेवटच्या पानापर्यंत जावं. काही मुलं विचारतात, ‘मग त्या हत्तीचं काय झालं?’ मी खरं सांगते, ‘मलाही त्याच्यासाठी वाईट वाटतं.’ मुलाच्या मनात हत्तीबद्दल माया उपजली असेल, तर गोष्टीचा बचाव करण्यासाठी ती दाबून टाकू नका.

चित्रात देव गोरे आणि राक्षस काळे असतात. मुलगा म्हणाला, ‘काळे वाईट असतात ना?’

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचे मी आभार मानले होते. ही गोष्ट मनावर घ्यायलाच हवी, कारण चित्र न बोलता शिकवतं.

पोथ्यांमध्ये असं नाही. रामरक्षेतलं ध्यान ‘नीलोत्पलश्यामं रामं’ असं आहे, निळ्या कमळासारखा सावळा राम. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा. पंढरपूरचा विठोबा काळ्या पाषाणाचा, आणि तुकोबा त्याला ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ म्हणतात. तेव्हा पुस्तकातला राम दुधासारखा पांढरा रंगवला असेल, तर मुलाला सांगा, ‘चित्रकाराने असा काढला, पण राम सावळा होता. तुझ्या मामासारखा.’ खडू देऊन रंगवायला लावा. मुलगा किंवा मुलगी सावळी असेल तर हे सांगणं दुप्पट गरजेचं. नवीन पुस्तक विकत घेताना मी आधी राक्षसांची पानं उघडून बघते. सगळे राक्षस काळेच असतील तर ते पुस्तक परत ठेवते.

चोखोबांचा अभंगच आहे: ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.’ उसाचं कांडं हातात देऊन तो शिकवला, तर मूल जन्मभर विसरत नाही.

चोखोबा देवळाबाहेर का उभे आहेत, असं मुलीने विचारलं. काय सांगू?

खरं सांगा, तिला झेपेल एवढ्या शब्दांत. ‘त्या वेळचे लोक काही माणसांना आत येऊ देत नसत. ते चूक होतं.’ सहा वर्षांच्या मुलीला हे पूर्ण कळतं, कारण खेळात कोणीतरी तिलाही ‘तू नाही’ म्हटलेलं असतं. चोखोबांची समाधी आजही पंढरपूरला देवळासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. थोड्या मोठ्या मुलाला पुढचंही सांगावं: १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं आणि त्यानंतर ते देऊळ सगळ्यांसाठी उघडलं. ‘देवाची इच्छा’ म्हणून हा प्रश्न मिटवणारं पुस्तक हाती आलं, तर तेवढं पान तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. सीतेला वनात का पाठवलं, एकलव्याचा अंगठा का घेतला, हे प्रश्नही असेच. ‘मला ते बरोबर वाटत नाही’ असं आईने म्हटल्याने श्रद्धा कमी होत नाही.

हे सगळं खरंच घडलं का, असं विचारलं तर?

मी आधी उलट विचारते, ‘तुला काय वाटतं?’ बहुतेक वेळा मुलाला इतिहास नको असतो. वाघ खरंच बसू देतो का, एवढंच त्याला विचारायचं असतं. मग सांगते, ‘ही फार जुनी गोष्ट आहे. माझ्या आजीने मला सांगितली, तिला तिच्या आजीने.’ ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम ही होऊन गेलेली माणसं आहेत, त्यांची गावं आहेत, आपण आळंदीला जाऊ शकतो, हे वेगळं करून सांगते. त्यांच्याभोवती लोकांनी प्रेमाने गुंफलेल्या कथा आहेत, हेही सात-आठ वर्षांचं मूल समजून घेतं.

घरात एक जण देव मानणारा आणि एक न मानणारा असेल तरी याच वाटेने जाता येतं. न मानणाऱ्याने ‘खोटं आहे हे’ म्हणून गोष्ट मध्येच तोडू नये, आणि मानणाऱ्याने ‘असं विचारू नये, पाप लागतं’ म्हणू नये.

शेवटी तात्पर्य सांगावं का?

नको. दुसऱ्या दिवशी मूल ती गोष्ट बाहुलीला सांगतं, तेव्हा कान देऊन ऐका. त्याने काय घेतलं ते तिथे कळतं.

एकाच देवाची वेगवेगळी चित्रं दाखवली तर मूल गोंधळतं का?

उलट. एकच चित्र बघितलेलं मूल म्हणतं, ‘लक्ष्मी अशीच दिसते.’ आपल्या मनातली कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती मुख्यतः राजा रविवर्म्याच्या चित्रांतून आलेली आहे. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवांच्या रंगीत तसबिरी साध्या घरांतही पोचल्या. त्याआधीच्या पिढ्यांनी देव मूर्तीत, टाकात, भिंतीवरच्या रेघांत पाहिला होता. म्हणून मी एका बैठकीत तीन गणपती ठेवते: एक कॅलेंडरवरचा, एक अष्टविनायकातल्या शेंदरी मूर्तीचा फोटो आणि एक पिंगुळीच्या धाटणीचा, मोठ्या डोळ्यांचा. ‘हा गणपती आहे हे कशावरून ओळखलंस?’ असं विचारायचं. दत्ताचंही तसंच. चित्रात तीन शिरं आणि सहा हात, आणि नरसोबाच्या वाडीला गेलं तर नुसत्या पादुका. मुलांना याचं फार नवल वाटतं, आणि ते नवल हवंच.

यातून अक्षरओळख होते का?

होते, पण हळूच. गोष्ट रंगात असताना ‘हे कोणतं अक्षर?’ विचारू नये. गोष्ट झाल्यावर पानावरचं एकच नाव बोटाने दाखवावं: राम, नाम, जना. दोन-दोन अक्षरांची नावं आपल्याकडे भरपूर आहेत, हे भाग्यच. रावणाची डोकी मोजताना दहापर्यंत आकडे येतात. चार चित्रं फरशीवर उलटसुलट टाकून क्रमाने लावायला सांगितली, तर आधी-नंतर, काल-उद्या हे शब्द पक्के होतात. माझा एक नातू ‘परवा’ हा शब्द रामाच्या वनवासाच्या चित्रांवरून शिकला.

पुस्तकं महाग पडतात. दुसरा उपाय?

कोरी वही घ्या. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, उदबत्तीचे पुडे, दिवाळी अंकातल्या जाहिराती, यांतली चित्रं कापून डकवा. एका पानावर एकच. समोरचं पान मोकळं ठेवा, मूल सांगेल ते वाक्य तिथे मोठ्या अक्षरात लिहायला. आमच्या वहीत मारुतीच्या चित्रासमोर ‘याला सूर्य आंबा वाटला’ असं लिहिलंय, चार वर्षांच्या मुलीचं वाक्य. खळ घरीच कणकेची शिजवली तर मुलांना आणखी एक काम मिळतं. गावच्या वाचनालयात बालविभाग असेल तर तिथली वर्गणी नव्या पुस्तकापेक्षा स्वस्त पडते.

पुस्तकाला पाय लागला, पान फाटलं, देवाच्या चित्रावर रेघोट्या मारल्या. रागवावं का?

नाही. ‘पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा’ हे आपण करून दाखवावं, मूल बघून करतं. फाटलेलं पान त्याला सोबत घेऊन चिकटवावं. मिशा काढलेली सीता आमच्याकडे आहे. राहू दिली आहे.

मोबाईलवरच्या चित्रफिती चालतील का?

कधीमधी, शेजारी बसून. चित्रफितीत चित्र थांबत नाही, आणि मुलाला थांबायचं असतं. स्वयंपाक उरकायला लावून दिली तर त्याला गोष्ट सांगणं म्हणू नये, एवढं स्वतःशी मान्य करावं.

रोज तीच गोष्ट मागतो. बदलू का?

त्याचं पोट भरेपर्यंत तीच सांगा. तिसऱ्या आठवड्यात मध्येच थांबा, पुढचं तोच सांगेल.

आम्ही परदेशात असतो. मुलाला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो.

माझी एक विद्यार्थिनी आता आई झाली आहे, दूर देशात राहते. तिने एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक तिच्याकडे, एक नाशिकला तिच्या आईकडे. रविवारी सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे, दोघी कॅमेऱ्यासमोर एकच पान उघडून बसतात. आजी म्हणते, ‘डाव्या कोपऱ्यात बघ, परडीत काय आहे?’ नातू इंग्रजीत ‘फ्लॉवर्स’ म्हणतो. आजी ‘चूक’ म्हणत नाही, ‘हो, फुलं आहेत, झेंडूची’ म्हणून पुढे जाते. परडी, उंबरठा, कावड, जातं, हे शब्द रोजच्या बोलण्यात त्याला तिकडे कुठे भेटणार? चित्रात भेटतात. वर्षभराने तो ‘आजी, पान उलट’ म्हणाला, तेव्हा दोघी रडल्या.

दुसऱ्या धर्मांच्या गोष्टी सांगाव्यात का?

जरूर. अजिंठा आपल्या घराजवळ आहे. तिथल्या १७ व्या लेण्यात जातककथा भिंतभर रंगवल्या आहेत: दान करत सुटलेला विश्वंतर राजपुत्र, सहा दातांचा हत्ती. जाण्याआधी घरी गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे अंधारातही मूल हत्ती शोधून काढतं. गोव्यात आणि वसईत नाताळला ख्रिस्ती घरांत गवत, माती, खेळण्यातली गुरं वापरून येशूजन्माचा गोठा मांडतात. ती हाताने केलेली चित्रगोष्टच आहे, शेजाऱ्यांकडे बघायला न्यावं. फादर स्टीफन्स यांनी तर १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचून छापलं. मुसलमान मित्राच्या घरची गोष्ट सांगताना मात्र एक लक्षात ठेवावं: पैगंबरांचं चित्र काढणं त्यांच्यात निषिद्ध मानतात. तिथे गोष्ट नुसती ऐकायची असते, आणि डोळ्यांसाठी सुंदर अक्षरं आणि वेलबुट्टी असते. मुलाला हे सांगितलं की तो जपून वागतो.

मूल स्वतः देवाचं चित्र काढतं, ते अगदीच वेडंवाकडं येतं. सुधारून द्यावं का?

हात लावू नका. माझ्याकडच्या पाच वर्षांच्या मुलाने विठोबाच्या पायात चपला काढल्या, कारण ‘इतकी वर्षं विटेवर उभाय, विटेला ऊन लागतं’. दुसरीने रखुमाईला स्टूल दिलं. चित्राच्या मागे मुलाचं नाव, तारीख आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि देव्हाऱ्याशेजारी चिकटवा.